एकच खूर

देवणी रस्त्याला मोटरसायकल थांबवून
मन्मथप्पा बिरादारांनी विचारलं,
"कुठं निघलाव बाई, एवढी बॅग घेऊन?"
आफ्रिकेला, म्हटलं.
ते जरा थांबले.
"तिकडं कुणाची म्हैस अडलीय?"

लस घ्यायला हैदराबादला गेले, ते आधी सांगते.
घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत,
चौतीस वर्षं उदगीर तालुक्यात मीच टोचत आले.
पीतज्वराची सुई माझ्या दंडात शिरली
तेव्हा पहिल्यांदा कळलं
मान वळवून घेण्यात केवढं शहाणपण असतं.
नर्स म्हणाली, झालं, झालं.
मीही हेच म्हणायची.
गाईंना ते पटल्याचं कधी दिसलं नाही.

तिकीट भाचीनं काढलेलं, निवृत्तीची भेट म्हणून.
बॅगेत धपाटे, शेंगाची चटणी, बीपीच्या गोळ्या
आणि सवयीनं अगदी तळाशी
खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे, एक जोड.
विमानतळावरच्या पोरानं ते उचलून पाहिले,
मग मला पाहिलं
आणि काही न विचारता परत ठेवले.

सेरेंगेटी म्हणजे
पोळ्याच्या आसपासचं आमचं माळरान,
फक्त त्यातून टॉवर, बोअर आणि सातबारा काढून टाकलेला.
सिंह पाहिला. झोपला होता.
कानात गोचीड.
वजन अंदाजे एकशे ऐंशी किलो,
मी मनातल्या मनात डोस काढला.
कुणी विचारलं नव्हतं.

मग विल्डबीस्ट.
तीन पशुगणना केलेली बाई मी,
चारशेच्या पुढं मोजणं सोडून दिलं.
त्यातली एक बाजूला बसलेली.
उठायची, चार पावलं चालायची, पुन्हा बसायची.
शेपटीखाली खूर.
एकच.
दुसरा आत मुडपलेला असणार, गुडघ्यात,
डावा.
चाळीस पावलांवरून कळत होतं,
जसं कंडक्टरला कळतं
भरल्या गाडीत तिकीट कुणाचं राहिलंय.

लेमायानला म्हटलं, दोन मिनिटं फक्त.
हात घालायचा, वासरू थोडं मागं ढकलायचं,
खूर ओंजळीत झाकून घ्यायचं, पिशवी फाटू नये म्हणून,
आणि पुढं आणायचं.
दोनच मिनिटं.
लेमायान मासाई. वडिलांची साठ जनावरं.
त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं, त्याला सगळं कळलं,
म्हणाला, इथं उतरायचं नाही, मामा.
मामा म्हणायचा मला.
तिकडं आईला म्हणतात.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.
बिबट्या. झाडावर. ओढ्यापाशी.
गाडीतल्या सहा जणांनी कॅमेरे उचलले.
मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.
ती पुन्हा उठली होती.
गाडी वळली.

बिबट्याचे फोटो छान आलेत.
चौबाऱ्याच्या हॉटेलात सगळ्यांनी पाहिले.
इस्माईलभाईनं बोटांनी मोठा करून करून पाहिला.
"वाघ नव्हता?"
नव्हता.
"मग एवढे पैसे कशाचे घेतले?"

परवा रात्री मन्मथप्पांचा फोन. गाय बसलीय, या.
बॅटरीच्या उजेडात पाहिलं,
दोन खूर, त्यांच्यावर नाक.
सगळं जागच्या जागी.
मला काहीच काम नव्हतं.
"मग बाही कशाला वर सारलाव, बाई?"

वासरू पडलं. शिंकलं.
पाचव्या खेपेला उभं राहिलं, आणि चुकीच्या बाजूला चालत गेलं.
सगळे हसले.
चहा आला.
मी तो डाव्या हातानं घेतला.
उजवा अजून तिकडंच आहे,
खांद्यापर्यंत आत,
दुसरा खूर चाचपत.